माळ्यावर काय ठेवायचे? – व्हर्च्युअल मेमरीची गोष्ट

मी संगणकाच्या धंद्यातला आहे हे कळले की मंडळाच्या कार्यक्रमात एक प्रश्न हमखास येतो : "आमचा घरचा कॉम्प्युटर फार रखडतो हो, व्हर्च्युअल मेमरी वाढवू का?" पेज फाइल मेमरीच्या दीडपट ठेवावी असे कुणी वाचलेले असते, तर ती बंदच करावी असे दुसऱ्याला कुणी सांगितलेले असते. हा प्रश्न विंडोजपेक्षा बराच जुना आहे. मेमरीची व्यवस्था माणसाने लावायची की यंत्राने, यावर एके काळी संगणकशास्त्रात मोठा वाद झाला होता.

आधी घरगुती भाषेत सांगतो. स्वयंपाकघरातला ओटा लहान, पण तिथे हात लगेच पोचतो. माळा मोठा, पण शिडी लावून चढावे लागते. संगणकाची मुख्य मेमरी म्हणजे ओटा आणि डिस्क म्हणजे माळा. १९५०च्या दशकात ओट्यावर काय मांडायचे हे प्रोग्रामरला स्वतः लिहून द्यावे लागे. प्रोग्रामचे तुकडे पाडायचे आणि एकाचे काम संपले की त्याच्या जागी दुसरा आणायचा. याला ओव्हरले म्हणत. मूळ गणित बाजूला राही आणि बराच वेळ या हलवाहलवीत जाई.

ही हलवाहलव यंत्रानेच करावी, अशी कल्पना बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात फ्रिट्झ-रुडॉल्फ ग्युंच यांनी १९५६च्या प्रबंधात मांडली. ती प्रत्यक्षात उतरली मँचेस्टरला. टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेरांटी कंपनीबरोबर बांधलेला ॲटलस संगणक ७ डिसेंबर १९६२ रोजी सुरू झाला. त्याच्या मुख्य मेमरीत १६,३८४ शब्द मावत आणि फिरत्या चुंबकीय ड्रमवर ९८,३०४. एका पानात ५१२ शब्द, म्हणजे ओट्यावर एका वेळी फक्त ३२ पाने. प्रोग्रामरला मात्र सगळी मिळून एकच सलग मेमरी दिसे. हवे ते पान जागेवर नसेल तर यंत्र ते ड्रमवरून आणी, आणि त्यासाठी कोणते पान हटवायचे हेही आधीचा वापर पाहून स्वतःच ठरवी.

अनेकांना हे पटले नाही. आपल्या प्रोग्रामला पुढे काय लागणार हे यंत्राला आपल्याइतके कसे कळणार? शंका रास्त होती. १९६९ मध्ये आयबीएममधल्या डेव्हिड सेअर यांनी आपल्या गटाचे प्रयोग प्रसिद्ध केले. यंत्राची व्यवस्था माणसाने हाताने लावलेल्या मांडणीच्या तोडीस तोड चालू शकते, असे त्यातून दिसले आणि वाद बहुतांशी मिटला. १९७२ मध्ये आयबीएमने सिस्टिम/३७० मालिकेत व्हर्च्युअल मेमरी आणली. १९८५च्या इंटेल ८०३८६ चिपमुळे ४ किलोबाइटच्या पानांची हीच पद्धत घरगुती संगणकांपर्यंत पोचली. विंडोज ९५ मध्ये आकडा स्वतः भरायची सोय होती, पण शिफारस 'विंडोजवर सोडा' अशीच होती.

या व्यवस्थेला एक मर्यादा मात्र आहे, आणि ती पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्येच दाखवून दिली. प्रत्येक प्रोग्रामला त्या त्या वेळी काही पाने सतत लागतात. तो त्याचा 'वर्किंग सेट'. चालू असलेल्या सगळ्या प्रोग्राम्सचे असे संच ओट्यावर मावले नाहीत, की एकाचे पान आणायला दुसऱ्याचे हटवावे लागते आणि तेच लगेच परत लागते. यंत्र सारखे शिडीवरच, स्वयंपाक ठप्प! याला थ्रॅशिंग म्हणतात. त्यावर उपाय दोनच : एका वेळी कमी कामे काढणे, नाहीतर ओटाच मोठा करणे. माळा वाढवून ओटा मोठा होत नाही.

हे न कळल्यामुळे लोकांनी पैसेही घालवले आहेत. मेमरी महाग असताना, १९९५ मध्ये, मेमरी दुप्पट करण्याच्या वचनावर 'सॉफ्टरॅम ९५' नावाच्या प्रोग्रामच्या लाखो प्रती खपल्या. विंडोज ९५ वर तो मेमरी वाढवतच नाही, असा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९६ मध्ये ठेवला आणि कंपनीला तडजोड करावी लागली.

तेव्हा माझे उत्तर असे : आकडा विंडोजवर सोडा आणि डिस्कवर थोडी जागा मोकळी ठेवा. पेज फाइल बंद करू नका. त्याने वेग वाढेलच असे नाही. उलट मेमरी भरली की प्रोग्राम बंद पडतात आणि जतन न केलेले काम जाते. आजच्या एसएसडीमुळे शिडी आखूड झाली आहे, पण ती चढावी लागतेच. संगणक रखडला तर टास्क मॅनेजर उघडून ओटा कुणी अडवला आहे ते पाहा आणि नको ते बंद करा. मुलांसाठी नवा लॅपटॉप घेताना तर रॅमचा आकडा आधी विचारा, कारण पुष्कळ लॅपटॉपमध्ये ती नंतर वाढवता येत नाही.