आंबडवे, आंबेड आणि आंबेडकर

ग्रामनामास '-कर' प्रत्यय लागून सिद्ध झालेले आडनाव गाव सांगते, जात सांगत नाही. एकाच गावच्या भिन्न जातींच्या कुळांनी एकच आडनाव धारण करणे ह्या प्रत्ययाच्या स्वभावास धरूनच आहे. 'आंबेडकर' ह्या आडनावाचा इतिहास मात्र अधिक गुंतागुंतीचा आहे.

सुभेदार रामजी सकपाळ ह्यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. 'सकपाळ' हे कुलनाम मराठा समाजातही आढळते. आंबडवे ह्या ग्रामनामापासून नियमाने 'आंबडवेकर' हे रूप होते. त्याचे 'आंबेडकर' होण्यास 'व'चा लोप आणि 'ए'काराचे स्थानांतर अशा दोन घटना मानाव्या लागतात. उलट 'आंबेड' ह्या नामापासून ते सरळ सिद्ध होते. आंबेड बुद्रुक व आंबेड खुर्द ही गावे संगमेश्वर तालुक्यात आहेत. तेव्हा हे रूपांतर केवळ ध्वनिनियमांनी उलगडत नाही.

त्याचा उलगडा शाळेत होतो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत रामजींच्या मुलाचे नाव दाखल झाले. तेथील नोंद 'भिवा रामजी आंबेडकर' अशी आहे. आंबेडकर नावाच्या ब्राह्मण शिक्षकाने आपले सुटसुटीत आडनाव ह्या विद्यार्थ्यास दिले, असे बाबासाहेबांनीच पुढे सांगितले आहे.

इंग्रजीतील 'वॉशिंग्टन' हे आडनावही मूळचे ग्रामनाम. ते डरॅम परगण्यातील. जॉर्ज वॉशिंग्टन हे स्वतः गुलामांचे मालक होते. पुढे गुलामीत जन्मलेल्या बुकर ह्या मुलाने शाळेत हजेरीच्या वेळी तेच आडनाव सांगितले. त्याच्या सावत्र वडिलांचे पहिले नावही वॉशिंग्टन होते. दोन्ही ठिकाणी शाळेच्या पटाने समाजाच्या दोन टोकांवरील माणसांना एका नावाखाली आणले. भेद इतकाच की, बुकरने नाव स्वतः निवडले, भिवास ते मिळाले.

१९४८ साली विवाहाने हे आडनाव सारस्वत कुळातील डॉ. शारदा कबीर, म्हणजेच सविताबाई, ह्यांच्याकडे आले. पुढे ते व्यक्तीपुरते राहिले नाही. मराठवाडा विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला. नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. मधल्या सुमारे साडेपंधरा वर्षांत ह्या नावासाठी माणसांनी प्राण गमावले, घरे जळाली. ज्या प्रत्ययात जात नव्हती, त्याच प्रत्ययाने संपणाऱ्या नावात विरोधकांनी जात वाचली. व्युत्पत्ती आडनावाचा उगम दाखविते. त्याचा अर्थ मात्र समाजाच्या व्यवहारातच शोधावा लागतो.