टॅब्लेट मूळपदावर: फर्मवेअर पुन्हा भरण्याचा पूर्वेतिहास

बिघडलेला टॅब्लेट केबलने संगणकाला जोडून त्यात मूळ फर्मवेअर पुन्हा भरणे हे आज दुरुस्तीच्या दुकानांत नित्याचे काम आहे आणि कारागिरांच्या बोलण्यात त्याला ‘सॉफ्टवेअर मारणे’ असे रोकडे नावही मिळाले आहे. या साध्या कामामागे मात्र मोठा इतिहास आहे. जी गोष्ट कायमची कोरलेली असे ती बदलण्याजोगी झाली, त्यामुळेच ती बिघडूही लागली, आणि अखेर तिच्या बचावासाठी न बदलणारा एक गाभा मुद्दाम राखावा लागला.

‘फर्मवेअर’ हा शब्द अ‍ॅशर ऑप्लर यांनी 1967 मध्ये ‘डेटामेशन’ या नियतकालिकातील लेखात वापरला, तेव्हा त्यांच्यासमोर संगणकाच्या प्रक्रियकाला आतून चालवणाऱ्या सूक्ष्म आज्ञा होत्या. पुढे या शब्दाचा अर्थ विस्तारला आणि उपकरणातच वस्तीला असणाऱ्या, त्याला जागे करून चालवणाऱ्या आज्ञावलीला तो लागू झाला. अशी आज्ञावली पूर्वी बहुधा ‘रॉम’मध्ये, म्हणजे केवळ वाचता येणाऱ्या चिपमध्ये, कारखान्यातच कोरली जाई, आणि तीत चूक निघाली तर चिपच बदलावी लागे.

इंटेलमधील डोव्ह फ्रोमन यांनी 1971 मध्ये पुढे आणलेल्या ‘ईप्रॉम’ या पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या चिपने ही अडचण पुष्कळ कमी केली. या चिपच्या पाठीवर क्वार्ट्झची छोटी पारदर्शक खिडकी असे. चिप सॉकेटमधून अलगद उपसायची, अतिनील दिव्याखाली सुमारे 15 ते 20 मिनिटे ठेवून तिच्यातील मजकूर पुसायचा, वेगळ्या यंत्रात बसवून नवा भरायचा आणि मग उजेडाने तो पुसट होऊ नये म्हणून खिडकीवर कागदी पट्टी चिकटवायची, असा तो क्रम होता. हे काम संथ होते खरे, पण नकळत काही पुसले जाण्याची भीती त्यात फारशी नव्हती.

तोशिबातील फुजिओ मासुओका यांनी 1984 मध्ये मांडलेल्या ‘फ्लॅश’ स्मृतीने हा संथपणा संपवला. तीत मजकुराचे गठ्ठेच्या गठ्ठे विजेच्या साहाय्याने एकदम पुसता येत. त्या झपाट्यावरून एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याच्या फ्लॅशची आठवण झाली आणि तेच नाव रूढ झाले. चिप आता जागची हलवावी लागत नव्हती, पण जी वाट मालकाला खुली झाली तीच घातपात्यालाही खुली झाली. तैवानमध्ये तयार झालेल्या ‘सीआयएच’ या विषाणूने 26 एप्रिल 1999 रोजी अनेक संगणकांच्या सुरुवातीच्या फर्मवेअरवरच निरर्थक मजकूर लिहिला, आणि अशी यंत्रे चिप बदलल्याशिवाय किंवा बाहेरून नव्याने लिहिल्याशिवाय चालू होईनात.

टॅब्लेटमध्ये या प्रश्नाचे उत्तर म्हणून जुनी कोरीव स्मृतीच उपयोगी पडली. प्रक्रियकाच्या आत ‘बूट रॉम’ नावाचा छोटा भाग कारखान्यातच कायमचा लिहिलेला असतो. वीज मिळताच तोच प्रथम जागा होतो आणि पुढची पायरी बिघडलेली आढळली, तर यूएसबीवरून संगणकाच्या आज्ञेची वाट पाहतो. 2010 मध्ये आलेल्या आयपॅडमध्ये याच्या दोन अवस्था दिसतात. ‘रिकव्हरी’ अवस्थेत फर्मवेअरचा काही भाग अजून शाबूत असतो, म्हणून पडद्यावर केबलचे चित्र उमटते. त्याहून खोलच्या ‘डीएफयू’ अवस्थेत पडदा पूर्ण काळा राहतो, आणि टॅब्लेट मेला असे पाहणाऱ्याला वाटत असतानाच संगणकाला मात्र तो ओळखू येतो. मुंबईच्या आयआयटीचा मोठा सहभाग असलेल्या 2012 च्या ‘आकाश 2’ या स्वस्त टॅब्लेटमधील ऑलविनर प्रक्रियकातही ‘फेल’ नावाची अशीच तळाची अवस्था होती. या अढळपणाची किंमतही आहे: अ‍ॅपलच्या ए5 ते ए11 या प्रक्रियकांच्या बूट रॉममधील दोष 2019 मध्ये उघड झाला, तेव्हा विकल्या गेलेल्या उपकरणांत तो दुरुस्त करणे कंपनीलाही शक्य नव्हते.

तांत्रिक वाट अशी सुकर झाली, तरी तिच्यावर परवानगीची चौकी बसली. आयपॅडमध्ये फर्मवेअर भरताना संगणक त्या उपकरणाचा विशिष्ट क्रमांक कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवतो आणि तेथून त्या आवृत्तीसाठी डिजिटल स्वाक्षरी मिळाली तरच काम पुढे सरकते. नवी आवृत्ती आल्यानंतर जुनीवरची स्वाक्षरी सहसा लवकरच थांबते. चोरी आणि घातपात यांना आळा घालण्यास ही व्यवस्था उपयोगी आहे, हे मान्य करावेच लागते. परंतु ईप्रॉमच्या काळात चिप, दिवा आणि मजकूर हाताशी असलेल्या कारागिराला कोणाची अनुमती मागावी लागत नव्हती, हेही तितकेच खरे आहे. पहिल्या आयपॅडची शेवटची आवृत्ती 5.1.1 ही 2012 मध्ये आली, आणि तो मूळपदावर आणायचा तर सर्व्हरची स्वाक्षरी लागतेच. म्हणून एखाद्या टॅब्लेटचा पाठिंबा संपवताना कंपनीने त्याच्या शेवटच्या आवृत्तीसाठी सर्व्हरविना चालणारी कायमची स्वाक्षरी मालकांच्या हाती द्यावी.