गाडीतलं मोफत आणि मुक्त नॅव्हिगेशन: नेटवर्क नसतानाही रस्ता कसा सापडतो?

जानेवारी 2021. अकोले तालुक्यात रात्रीच्या वेळी मोबाइलने दाखवलेल्या रस्त्याने निघालेली एक कार थेट धरणाच्या पाण्यात गेली. नकाशावर पूल होता, प्रत्यक्षात तो पाण्याखाली होता. चालकाचा मृत्यू झाला. हा पूल बुडतो हे आसपासच्या गावांना माहीत होतं, नकाशाला नव्हतं.

मग गावाला माहीत असलेली गोष्ट नकाशात जाणार कशी? त्याचं एक उत्तर म्हणजे मुक्त स्रोत नॅव्हिगेशन.

हे नेमकं काय आहे?

ज्याचा कोड कुणीही पाहू, वापरू आणि बदलू शकतं, ते मुक्त स्रोत सॉफ्टवेअर. नॅविट हे खास गाडीसाठी बनलेलं असंच एक सॉफ्टवेअर. ते लिनक्सवरही चालतं, त्यामुळे हौशी लोक छोटा संगणक आणि स्क्रीन जोडून ते गाडीत बसवतात. मोबाइलवर ऑसमअँड आणि ऑरगॅनिक मॅप्स जास्त सोपे.

या सगळ्यांना नकाशा पुरवतो ओपनस्ट्रीटमॅप. स्टीव्ह कोस्ट यांनी 2004 मध्ये ब्रिटनमध्ये सुरू केलेला हा नकाशा जगभरातले स्वयंसेवक भरतात.

नेटशिवाय कसं चालतं?

तुम्ही कुठे आहात हे उपग्रहांच्या सिग्नलवरून कळतं, त्याला डेटा पॅक लागत नाही. महाराष्ट्राचा नकाशा आधीच डाउनलोड केलेला असला, की रस्ता शोधण्याचं गणित फोनच करतो. एकेरी मार्ग, वेगमर्यादा, बंद रस्ता अशा नोंदी बघून तो कमी वेळाचा मार्ग निवडतो. म्हणजेच नोंद चुकली, की मार्गही चुकला.

गडमुडशिंगीला याचा काय उपयोग?

करवीर तालुक्यातलं हे गाव कोल्हापूर विमानतळाला लागून आहे. विमानतळाच्या विस्तारीकरणात गावची जमीनही गेली. अशा ठिकाणी जुने रस्ते बंद होतात, नवे वळवले जातात आणि ते सर्वात आधी कळतं गावकऱ्यांनाच.

ओपनस्ट्रीटमॅपच्या वेबसाइटवर मोफत खातं उघडून बंद झालेला रस्ता, नवा पूल किंवा एखाद्या वाडीचं नाव कुणालाही नोंदवता येतं, तेही मराठीत. माहिती शक्यतो स्वतः पाहिलेली असावी. दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून उतरवून घेणं चालत नाही.

मर्यादा कोणत्या?

वाहतूक कोंडीची ताजी माहिती यात सहसा मिळत नाही. घर क्रमांक आणि दुकानं अनेक गावांत अपुरी आहेत. दुरुस्ती केली तरी फोनमधला नकाशा अपडेट केल्याशिवाय ती दिसत नाही.

पुराचं काय? 2019 आणि 2021 मध्ये पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला होता. असे चार-आठ दिवसांचे अडथळे ओपनस्ट्रीटमॅपवर सहसा नोंदवले जात नाहीत. मात्र ऑसमअँडमध्ये ठरावीक रस्ता टाळायला सांगता येतं, मग ते दुसरा मार्ग काढतं. कुठला रस्ता टाळायचा, हे मात्र आधी प्रशासनाकडून किंवा स्थानिकांकडून विचारून घ्यावं लागतं.

आणि समोर पाणी दिसलं, तर स्क्रीन काहीही सांगो, गाडी थांबवायची.