बारा आटे, तेरा आटे

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण ज्याने काढली, त्याने डिझेल इंजिन उघडून पाहिलेलं असणार असा मला दाट संशय आहे. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ साली जर्मनीत ठाकठीक चाललं; आणि ते ठाकठीक न चालण्याचे जेवढे म्हणून प्रकार आहेत, तेवढे सगळे आमच्या काकांच्या ट्रॅक्टरने परभणी जिल्ह्यात करून दाखवले.

ट्रॅक्टर जुन्या घडणीचा. आजोबांनी तो बँकेच्या कर्जावर घेतला होता. १९ जुलै १९६९ ला चौदा बँका सरकारी झाल्या आणि सेलूच्या पलीकडच्या खेड्यापाड्यांतही कर्जाचे फॉर्म जाऊन पोचले, त्या लाटेतला. कर्ज केव्हाच फिटलं. पण पुढे मी बँकेत चिकटलो, त्यामुळे ट्रॅक्टरला काहीही झालं की काका जामीनदाराकडे बघावं तसे माझ्याकडे बघतात. मी बी.कॉम. जमा आणि नावे, या दोनच बाजू मला कळतात.

गेल्या ऑक्टोबरात मी चार दिवस रजा काढून गावी गेलो तर ट्रॅक्टर रेडिएटरमधून बुडबुडे काढत होता. म्हणजे गॅसकेट गेलं. इंजिनाचा ब्लॉक हे जर पातेलं धरलं, तर हेड म्हणजे त्याचं झाकण, आणि दोहोंच्या मधली पातळ चकती म्हणजे गॅसकेट. झाकण बोल्टांनी आवळलेलं असतं. गावातल्या मिस्त्रीने हेड उतरवलं, नवं गॅसकेट घातलं, पान्याला पाइप लावून सगळे बोल्ट घामाघूम होईतो आवळले, पैसे घेतले आणि गेला. तिसऱ्या दिवशी पुन्हा बुडबुडे.

इकडे ज्वारीचं बी घरात पडलेलं. काळ्या रानातली ओल दिवसागणिक खाली चाललेली. गावातले दोन्ही भाड्याचे ट्रॅक्टर पुढच्या आठवड्यापर्यंत लागलेले. काकू काही बोलत नव्हत्या, आणि आमच्या घरात काकू बोलेनाशा झाल्या की प्रकरण हाताबाहेर गेलं असं समजतात. काका मात्र बोलत होते. “तू बँकेत नुसता बसून काय करायलास रे? एवढं इंजिन उभं करता येईना तुला?”

शेवटी परभणीहून एक म्हातारे उस्ताद आणले. त्यांनी हेड उतरवलं, गॅसकेटकडे बघितलंसुद्धा नाही. बॅटरी घेतली आणि ब्लॉकवरच्या बोल्टच्या भोकांत एकेक करून डोकावले, डॉक्टर घशात डोकावतात तसे. मग म्हणाले, “साब, आटे मैले हैं.”

मला वाटलं, चहा मिळेपर्यंतचं हे काहीतरी निमित्त. एवढं लोखंडी धूड, त्याचं भोकातल्या मळाने काय बिघडणार? उस्तादांनी एक बोल्ट हाताने फिरवून दाखवला. निम्म्यात अडकला. “पान्याला वाटतं घट्ट झालं,” ते म्हणाले, “हेडला कुठं माहीत?”

पुढे मी हे वाचून पडताळलं आणि चाट पडलो. बोल्ट आवळताना आपण जो जोर लावतो, त्यातला साधारण निम्मा बोल्टच्या डोक्याखालच्या घासण्यात जातो, चाळीसेक टक्के आट्यांच्या घासण्यात, आणि खरं काम करायला उरतात जेमतेम दहा टक्के. ते काम म्हणजे बोल्टला किंचित ताणणं. हो, बोल्ट ताणला जातो, रबरासारखा, आणि आखडू बघतो म्हणूनच झाकण दाबून बसतं. आता आट्यांत गंज नि काजळी असली, तर घासणं आणखी वाढतं आणि आधीच दहावर आलेली रक्कम आणखी घटते. टॉर्क रेंच बिचारा प्रामाणिकपणे ‘टक’ म्हणतो. त्याने जोर मोजलेला असतो, ताण नव्हे. सरकारच्या एका रुपयातले पंधराच पैसे गरिबाला पोचतात, असं राजीव गांधी १९८५ साली म्हणाले होते. बोल्टचा कारभार त्याहून वाईट.

भोकात तेल किंवा पाणी राहिलं असेल तर गोष्ट याहून भयंकर. तळ बंद असलेलं भोक. वरून बोल्ट उतरतो, खालच्या पाण्याला जायला वाट नाही, आणि पाणी काही दाबून लहान होत नाही. मग फुटतो तो ब्लॉक. उस्तादांनी अशा फुटलेल्या ब्लॉकची एक हकीकत सांगितली, तेव्हा काका पहिल्यांदाच गप्प झाले.

ही भोकं साफ करायला टॅप मारावा, असं मी सुचवलं. (टॅप हा शब्द मी त्याच दिवशी सकाळी शिकलो होतो.) उस्ताद हसले. टॅप मळाबरोबर लोखंडही कापतो, आटे सैल करतो. त्यांनी पिशवीतून एक जुना बोल्ट काढला. त्याच्या अंगावर हॅकसॉने उभ्या तीन चिरा पाडलेल्या. तो हलक्या हाताने भोकात फिरवायचा, चिरांत मळ भरला की काढून पुसायचा, पुन्हा फिरवायचा. “पर देखो,” ते म्हणाले, “चार सुतीमध्ये बारा आटेवाला असतो, तेरावालाही असतो. बाराचा तेरात घातला, खलास.”

चार सूत म्हणजे अर्धा इंच. एवढ्याशा इंचात हा बारा-तेराचा घोळ कुणी घातला? रात्री झोप येईना, म्हणून मोबाइलवर शोधत बसलो. हेन्री मॉड्सलेने १८०० च्या सुमारास नेमके आटे पाडणारा लेथ बनवला. त्याआधी बोल्ट आणि नट यांची लग्नं एकदाच व्हायची. एकाचा नट दुसऱ्याला बसत नसे, म्हणून जोड्यांवर खुणा करून ठेवत. मॉड्सलेच्याच हाताखाली शिकलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये ठिकठिकाणच्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले आणि चक्क सरासरी काढली! कोन पंचावन्न अंश, अर्ध्या इंची बोल्टला इंचात बारा आटे. मला हा मनुष्य एकदम आपल्यातला वाटला. पण १८६४ मध्ये फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने अमेरिकेसाठी साठ अंश काढले, आणि त्यांच्या अर्ध्या इंचात आटे झाले तेरा. दुसऱ्या महायुद्धात दोघे दोस्त एका बाजूने लढले, पण एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढेना. अखेर १८ नोव्हेंबर १९४८ ला वॉशिंग्टनला ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी एकाच आट्यावर सह्या केल्या. कोन साठ, अर्ध्या इंचाला आटे तेरा.

तारीख वाचून मी उठूनच बसलो. आमची परभणी निजामाच्या राज्यातून भारतात आली ती १७ सप्टेंबर १९४८ ला. दोन महिने आणि एक दिवस आधी! आणि आमच्याकडेही बारा-तेराच होतं. निजामाचा हाली रुपया वेगळा, इंग्रजांचा कलदार वेगळा. सात हालीला साधारण सहा कलदार. आजोबा दोन कसे बाळगत, आणि एकातला रुपया दुसऱ्यात पडला तर आजी रात्रभर हिशेब करीत बसे, असं काका सांगतात. राज्य गेलं तरी हाली १९५९ पर्यंत चालत राहिला. सही झाली म्हणून जुने नटबोल्ट दुसऱ्या दिवशी बदलतात थोडेच.

दुसऱ्या दिवशी उस्तादांनी दीड तास फक्त भोकं साफ केली. चिरांचा बोल्ट, घासलेट, चिंधी, मग पंक्चरवाल्याकडून आणलेल्या पंपाची हवा. हवा मारताना भोकावर फडकं धरायचं, नाहीतर मळ सरळ डोळ्यांत. शेवटी प्रत्येक बोल्ट नुसत्या बोटांनी तळापर्यंत फिरवून पाहिला. एक अडला. पुन्हा सगळं. काका घड्याळ बघत होते, मी ऑडिटला बसल्यासारखा चिंधी धरून होतो. मग हेड चढवून मधल्या बोल्टपासून बाहेर, एकदम नव्हे, तीन हप्त्यांत आवळणी. हप्त्यांचं मला लगेच समजलं.

साडेचारला ट्रॅक्टर सुरू झाला. काकांनी अर्धा तास रेडिएटरमध्ये बघत काढला, बुडबुडा एकही नाही. त्या रात्री दिवे लावून साडेतीन एकर पेरलं. काकूंनी उस्तादांना जेवायला थांबवून घेतलं आणि तिसरी भाकरी वाढताना बोलल्या.

निघताना उस्तादांनी पिशवी चाचपली आणि माझ्याकडे हात पुढे केला. चिरांचा बोल्ट माझ्या खिशात होता. “साब, तो द्या,” ते म्हणाले. “तेरा का है.”