खाणसुरक्षाविषयक सरकारी शोधांचे परवाने (अमेरिका)

सरकारी मालकीच्या सुरक्षाविषयक शोधांची पेटंटे परवान्याने खाजगी उत्पादकांना वापरू देण्याची पद्धत. १९८० चा बाय-डोल कायदा हा तिचा एक मुख्य आधार. परवाना मागणाऱ्या कंपनीला उत्पादन व विक्रीचा आराखडा द्यावा लागतो. एकाच कंपनीला अनन्य परवाना देण्यापूर्वी किमान १५ दिवसांची जाहीर सूचना काढून हरकती मागवतात. सरकार स्वतःच्या वापराचा हक्क राखून ठेवते. रॉयल्टीचा काही वाटा संशोधकांना मिळतो.

खाणसुरक्षेचे संशोधन ‘निऑश’ (राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्था) करते. कोळशाच्या धुळीचा भडका उडू नये म्हणून बोगद्यात चुनखडीची भुकटी पसरतात. धूळ व भुकटीच्या मिश्रणात न जळणारा भाग किमान ८० टक्के असावा लागतो. पूर्वी नमुने प्रयोगशाळेत पाठवून निकालाची वाट पाहावी लागे. निऑशने विकसित केलेले हातात धरण्याजोगे उपकरण प्रकाशाच्या परावर्तनावरून मिश्रण सुरक्षित आहे की नाही हे जागीच सांगते. सेन्सिडाइन कंपनीने ते बाजारात आणले. खाणउपकरणांची बाजारपेठ लहान असल्याने उत्पादक सहजासहजी पुढे येत नाहीत. म्हणून परवान्याच्या अटींत महसुलापेक्षा उपकरण कामगारापर्यंत पोहोचण्याला अधिक महत्त्व असणे आवश्यक ठरते.