तिसरं कपाट

1981 साली मी कराडजवळच्या एका गावच्या वाचनालयात लागले, तेव्हा कथा-कादंबऱ्यांची तीन कपाटं होती. पहिलं सामाजिक, दुसरं ऐतिहासिक आणि तिसऱ्यावर खडूनं लिहिलेलं, 'अद्भुत, भुताखेताचं, इतर'. जयंत नारळीकरांचं 'यक्षांची देणगी' मला त्या तिसऱ्यात सापडलं. पुस्तक दोनच वर्षांचं, 1979 चं. ज्यानं ठेवलं त्यानं नाव वाचलं होतं, आणि यक्ष म्हटल्यावर दुसरीकडं कुठं ठेवणार? मी ते बाहेर काढलं, एक फळी रिकामी केली आणि 'विज्ञानकथा' अशी चिठ्ठी डकवली. निवृत्त होईपर्यंत त्या चिठ्ठीपाशी मी अडत राहिले.

ही वाटणी मराठीत जुनी नाही. हळब्यांची 'मुक्तामाला' ही कादंबरी 1861 ची. आपली कादंबरी सुरुवातीला अद्भुतावरच पोसली. विसावं शतक उजाडताना कृ. ना. आठल्यांच्या 'केरळकोकिळ' मासिकातून ज्यूल व्हर्नची चंद्रावरची सफर मराठीत आली. तोफेच्या गोळ्यात बसून आकाशात जाणारी माणसं वाचताना, मायावी महालांची सवय असलेल्या वाचकाला आपण वेगळ्या प्रांतात आलो असं वाटलं असेल का? मला नाही वाटत. 1915 मध्ये श्री. बा. रानड्यांनी 'तारेचे हास्य' लिहिली, तिला आज पहिल्या मराठी विज्ञानकथांत गणतात. पुढं भा. रा. भागवतांनी व्हर्न मुलांच्या हाती दिला. अंतरकरांच्या 'नवल'मध्ये तर गूढ, भय आणि विज्ञान शेजारी शेजारी नांदत. माझ्या वडिलांनी त्याचे अंक सुतळीनं बांधून ठेवले होते. त्यांच्या लेखी ते सगळं एकच होतं, 'नवलाचं'.

रेघ ओढली गेली ती सत्तरच्या दशकात. मराठी विज्ञान परिषद 1966 मध्ये स्थापन झाली आणि तिनं पुढं विज्ञानकथांची स्पर्धा घेतली. 1974 मध्ये तिथं 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. जयंत विष्णु नारळीकरांनी आपली आद्याक्षरं उलटी करून ते घेतलं होतं. परीक्षकांनी नावाकडं न बघता कथा वाचावी, एवढीच इच्छा. पुढच्या वर्षी कराडला साहित्य संमेलन भरलं, अध्यक्षा दुर्गाबाई भागवत. मी अठरा वर्षांची, मांडवात मागं बसलेले. आणीबाणीमुळं त्या संमेलनाच्या वेगळ्या आठवणी लोक सांगतात, आणि ते बरोबरच आहे. पण दुर्गाबाईंनी त्या भाषणात या नव्या कथेचीही दखल घेतली होती. तिथून विज्ञानकथेला स्वतःचं घर मिळालं. त्याचा मला आनंदच आहे. दुःख आहे ते कोण बाहेर राहिलं याचं.

कारण नारळीकरांनी स्वतः दार कधी लावून घेतलं नाही. 'उजव्या सोंडेचा गणपती' घ्या. उजव्या सोंडेची मूर्ती म्हणजे आमच्याकडं कडक सोवळ्याचं दैवत. या कथेत डाव्याचं उजवं होतं ते मोबियसच्या पट्टीच्या गणितानं. कागदाच्या पट्टीला एक पीळ देऊन टोकं चिकटवा, तिच्यावरून आकृती एक फेरी फिरवून आणा, ती उलटी होऊन परतते. मी शाळेतल्या मुलांना काउंटरवर तशी पट्टी करून दाखवायचे. त्यांचे चेहरे चमत्कार बघितल्यासारखेच व्हायचे. 'धूमकेतू'त पृथ्वीवर येणारं संकट अणुस्फोटानं वळवलं जातं आणि घरची माणसं ते यज्ञानं टळलं म्हणून हात जोडतात. एकाच घटनेच्या दोन गोष्टी एकाच घरात.

आणि नारायण धारप? बी.एस्सी. टेक. झालेला हा माणूस. त्यांच्या गोष्टींतलं अभद्र कितीदा दुसऱ्या मितीतून येतं, त्याला नियम असतात, त्याच्याशी झुंजायलाही रीत असते. 'नेनचिम' तर उघड विज्ञानकादंबरी. तरी धारप म्हणजे भुतं, असं ठरून गेलं. मुखपृष्ठांवरच्या कवट्यांनी त्यात भर घातली. मला हा सरळ अन्याय वाटतो.

साखर कारखान्यातले एक फिटर दर शनिवारी यायचे. धारप आणि त्यांचा अभद्राशी झुंजणारा नायक समर्थ त्यांना पाठ. एकदा विज्ञानकथांच्या फळीपुढं उभं राहून म्हणाले, "बाई, समर्थ हितं का न्हाईत? ते बी कारण सांगत्यात की."

सोमवारी मी धारपांची एकोणीस पुस्तकं खाली काढली, फडक्यानं पुसली आणि दाखलपत्रकात लाल शाईनं प्रत्येकाचा विभाग बदलला. कार्यकारिणीतल्या एका सद्गृहस्थांनी हरकत घेतली. मुलांना विज्ञान म्हणून भुतं द्यायची का, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांच्या हाती 'नेनचिम' दिलं. त्यांनी ते तीन आठवडे परत केलं नाही, आणि आणलं तेव्हा पुढचं मागितलं.