बोरघाट उतरताना : ब्रेक, उष्णता आणि एका उताराचा इतिहास (थ्रेड)

१/ बोरघाटाचा इतिहास आपण बहुधा चढणीचा म्हणून वाचतो : रस्ता कोणी काढला, बोगदे कसे खोदले, इंजिन वर कसे नेले. परंतु जड वाहनाची खरी परीक्षा उतरणीवर होते. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरणाऱ्या ट्रकच्या ब्रेकला तडा का जातो, हा प्रश्न वरकरणी गॅरेजचा वाटतो. त्याच्या उत्तरातला मोठा भाग मात्र याच घाटाच्या इतिहासात आहे.

२/ १८३० साली गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात घाटातून गाडीरस्ता खुला झाला. १८६३ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी घाट चढली. अभियंता जेम्स बर्कले यांनी आखलेल्या या मार्गाचा सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांना १ फूट एवढा होता. लोहमार्गासाठी हा उतार फारच कडक.

३/ डोंगरात वळण घ्यायला जागा नसल्याने खंडाळ्याजवळ ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ बांधले गेले. गाडी तेथे थांबे, इंजिन दुसऱ्या टोकाला लागे आणि गाडी उलट दिशेने पुढे जाई. म्हणजे उतरणाऱ्या गाडीला तेथे थांबणे भागच होते, कारण रूळ तेथेच संपत होते.

४/ त्या काळचे ब्रेक हाताने आवळावे लागत. ब्रेकवाले आपापल्या डब्यातून चाके घासून गाडी धरून ठेवत. १८६९ साली उतरणारी एक गाडी आवरली गेली नाही आणि रिव्हर्सिंग स्टेशनाचा शेवटचा अडसर तोडून पलीकडे कोसळली. योगायोग असा की, त्याच वर्षी अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांनी हवेच्या ब्रेकचे पेटंट घेतले.

५/ मुळात ब्रेक काय करतो? तो वाहनाची ऊर्जा नाहीशी करत नाही. घर्षणाने तिची उष्णता करतो. ४० टनांचा ट्रक ५०० मीटर खाली उतरला, तर सुमारे २० कोटी ज्यूल ऊर्जा मुक्त होते. एवढ्या उष्णतेत साडेसहाशे लिटरहून अधिक पाणी उकळीला येईल. ती सगळी केवळ ब्रेकनेच पेलायची ठरवली, तर ती जाणार कोठे?

६/ ती जाते ड्रममध्ये किंवा डिस्कमध्ये, म्हणजेच रोटरमध्ये. हे भाग बहुधा बिडाचे असतात. घासला जाणारा पृष्ठभाग झटकन तापून प्रसरण पावू पाहतो. आतला थंड भाग त्याला रोखतो, म्हणून तो दाबला जाऊन कायमचा चेपतो. निवताना तोच भाग आकसतो आणि ताणला जातो. बीड दाब सोसते, ताण सोसत नाही. परिणामी केसासारख्या भेगा पडतात. प्रत्येक फेरीला त्या थोड्या वाढतात आणि एखादी कडेपर्यंत पोहोचली की रोटर फुटू शकतो.

७/ रेल्वेने या संकटावर दोन मार्गांनी तोड काढली. पहिला मार्ग शिस्तीचा. उतरणाऱ्या गाड्या मंकी हिल, ठाकूरवाडी व जांबरुंग येथे ब्रेकच्या खात्रीसाठी थांबतात. तेथील ‘कॅच सायडिंग’चे रूळ चढावर जातात, गाडी थांबली नाही, तर ती आपोआप त्या चढावर वळते आणि तेथेच अडते.

८/ दुसरा मार्ग यंत्राचा. १९२९ मध्ये विद्युतीकरण झाले, नवे बोगदे झाले आणि रिव्हर्सिंग स्टेशन इतिहासजमा झाले. ‘खेकडा’ म्हणून ओळखली गेलेली डब्ल्यूसीजी-१ इंजिने उतारावर आपल्या मोटारी जनित्रासारख्या चालवून वीज तारेत परत सोडत. जी ऊर्जा चाके जाळत होती, तिचा मोठा वाटा आता ब्रेकपर्यंत पोहोचतच नव्हता.

९/ रस्त्यावर हेच काम खालचा गिअर, एक्झॉस्ट ब्रेक आणि रिटार्डर करतात. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करून उतरवली की खालच्या गिअरचा आणि एक्झॉस्ट ब्रेकचा आधार सुटतो. इंजिनाचा रोध चाकांपर्यंत पोहोचत नाही आणि बहुतेक भार ब्रेकवर येतो. जुलै २०२५ मध्ये द्रुतगती मार्गावर खोपोलीजवळ ब्रेक निकामी झालेल्या कंटेनरने अनेक वाहनांना धडक दिली आणि त्यात जीवितहानी झाली.

१०/ म्हणून उपायांचा क्रम असा : उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकावा. पाय ब्रेकवर सतत टेकवून ठेवू नये. वेग ठामपणे कमी करून ब्रेक सोडावा, म्हणजे त्याला निवायला वाव मिळतो. तापलेल्या ड्रमवर वा रोटरवर पाणी ओतू नये. सर्व चाकांचे ब्रेक सारखे लागतात का, हे पाहावे. नाही तर एकच चाक सगळ्यांचा भार वाहते. झिजून पातळ झालेला किंवा कडेपर्यंत भेग गेलेला रोटर बदलावा. आणि क्षमतेहून अधिक माल भरू नये, कारण प्रत्येक जादा टन खाली उतरताना उष्णताच होतो.

११/ अपघातानंतर ‘चालकाची चूक’ एवढे लिहून आपण मोकळे होतो. १८६९ मध्येही ब्रेकवाल्याकडे बोट दाखवणे सोपेच होते. परंतु रेल्वेचा घाट सुरक्षित झाला तो अधिक सावध ब्रेकवाले मिळाले म्हणून नव्हे. एका माणसाच्या हातावरचा भार नियम, रूळ आणि यंत्र यांच्यात वाटला गेला म्हणून. रस्त्यावर तो आजही मुख्यतः एका पायावर आहे, आणि त्या पायाचा मालक बहुधा मोजून मिळालेल्या डिझेलवर गाडी हाकत असतो.

१२/ जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचे देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचे ते स्थान, असे लोककथा सांगते. चालक आजही तेथे नाणे वाहून पुढे जातात. ती श्रद्धा समजून घेण्याजोगी आहे. फक्त देवळापुढे उतार लागताना गिअर खालचा असू द्यावा.